पिंपाला हिंगाची धुरी

माझा धाकटा कुंदन हल्ली चहासुद्धा हुंगून पितो. कप गोल फिरवतो, नाक आत खुपसतो, डोळे मिटतो. अरे, चहा आहे तो, अत्तर नाही! नाशकाला वाइन करायला शिकून आला आणि आमच्या असोद्याच्या मळ्यात केळी काढून शेनिन ब्लां नावाची द्राक्षं लावून बसला. नाव घेताना मला ठसका लागतो!

मी बजावलं, "वाइन विकत घेणारा नाशिकचा माणूस नापास म्हणाला, की वेल उपटायचे, केळी लावायची."

"कबूल, माय!"

पांढरी वाइन म्हणे! दिसते करडईच्या तेलासारखी. सालं काढून नुसता रस आंबवायचा. अर्धा स्टीलच्या टाकीत गारेगार, अर्धा नव्या लाकडी पिंपात, लाकडाचा वास लागावा म्हणून. हा काय प्रकार! माझ्या घरात नवी बरणीसुद्धा हिंगाची धुरी घेतल्याशिवाय लोणच्याचं तोंड बघत नाही. कुंदन जळगावला गेला, तशी मी शेगडीतल्या निखाऱ्यावर मूठभर हिंग टाकला आणि हिलाल सालदाराकडून पिंपाचं भोक धुरावर धरवलं. उद्या कुणी नावं ठेवायला नको! कुंदन आला तो सर्दीने नाक चोंदवून. रस भरला, बूच ठोकलं.

चार महिन्यांनी वाइन चाखायला नाशिकचे अखिलशेठ आले. टाकीतला घोट तोंडात खुळखुळवला आणि पचकन बादलीत थुंकले! माझ्या अंगणात!

"हिलाल, कुदळ आण! उपट बठ्ठे वेल, एकूण एक!"

"माय, थांब ना!" कुंदन कुदळीला लोंबकळला.

मग पिंप उघडलं. अखिलशेठनी पेल्यात नाक घातलं, दचकले आणि तोंडातला घोट गटकन गिळला! डोळ्यांतून घळाघळा पाणी. माझी छाती पोळीसारखी फुगली.

"ठेव रे कुदळ, हिलाल! पास झालो!"

"अक्का," शेठ खोकत म्हणाले, "टाकीतली फार सुंदर. सगळी घेतो. ही मात्र... वरणात घाला!"

कुंदन वळून माझ्याकडे बघायला लागला. अंगणभर फोडणीचा घमघमाट! मी कोपऱ्यातली धुरीची विझलेली शेगडी पदराने झाकली.

"मनाकडे काय पाहतो रे? थुंकलं ते पास, गिळलं ते नापास! असला उफराटा धंदा तुलाच लखलाभ. वेल राहू दे तुझे. पिंप आता मनं शे, कैरीचं लोणचं घालीन त्यात. आणि कुंदन, इतकं नाक खुपसतो सगळीकडे, ते पिंपात खुपसायला काय झालं होतं?"