डायलअप विरुद्ध केबल: वासुदेवरावांची निष्पक्ष चाचणी

मानवजातीची प्रगती वेगावर अवलंबून आहे, अशी वासुदेवरावांची अढळ श्रद्धा होती. सरकारी कचेरीत हेडक्लार्क असेपर्यंत त्यांनी ती कोणाला कळू दिली नाही, एवढंच.

निवृत्तीनंतर त्यांनी वर्ध्याच्या घरी कॉम्प्युटर घेतला. तेव्हा सबंध गल्लीपुढे एक गंभीर प्रश्न उभा होता: इंटरनेट टेलिफोनवरून डायल करून घ्यावं, की धर्मेंद्र केबलवाल्याच्या वायरीतून? वासुदेवरावांनी दोन्ही सेवांना तत्त्वतः मंजुरी देऊन तुलनात्मक चाचणी जाहीर केली. मुहूर्त धरला मुलीच्या बारावीच्या निकालाचा.

इलाला तुलना नको होती. केमिस्ट्रीचा पेपर वाईट गेला होता. आपण पास की नापास, एवढंच तिला हवं होतं.

"बाबा, चौकातल्या सायबर कॅफेत पाहून येऊ काय?"

"त्रयस्थ यंत्रणेचा हस्तक्षेप चालणार नाई. चाचणी दूषित होते."

दुपारी निकाल लागला. गल्ली बैठकीत जमली होती. पहिला मान डायलअपला. मोडेमने शिट्टी मारली, घसा खाकरला, पत्र्यावर खडे ओतल्यासारखा आवाज केला आणि जोडणी झाली. टाळ्या पडल्या. पडद्यावर बोर्डाचं बोधचिन्ह वरून खाली उतरू लागलं. कमरेपर्यंत उतरलं आणि लाईन तुटली. पुन्हा शिट्टी, पुन्हा टाळ्या, पुन्हा कंबर.

मग केबल. केबलने आवाजही केला नाही आणि कामही. गर्दीत उभ्या धर्मेंद्रला पाचारण झालं.

"काका, वायर टनाटन आहे. पण मशीन नत्थूजीच्या घरी आहे ना!"

सिग्नल पुढे ढकलणारं यंत्र धर्मेंद्र एखाद्या गिऱ्हाइकाच्या घरी ठेवी. वीज त्या घरची, बदल्यात त्याला केबल फुकट.

"मग?"

"नत्थूजी सकाळीच गिरड गावाले गेले, दर्ग्यावर. मेन बंद करून कुलूप लावून गेले."

"मेन काऊन बंद केला?"

"घरी कोणी नाई त लाईट काऊन जाळाची, म्हणते."

ही काटकसर वासुदेवरावांना अंतःकरणापासून पटली. त्यांनी नत्थूजी परत येईपर्यंत केबलची सुनावणी तहकूब केली. मात्र डायलअपवर अन्याय होऊ नये म्हणून त्याचे प्रयत्न अखंड चालू ठेवण्याचा आदेश दिला. इला खिडकीत बसून ओढणीचं टोक चावत होती.

"बाबा, फोन थोडा मोकळा सोडा ना. कोणाचा येत असंल."

"कार्यवाही सुरू आहे."

उन्हं कलली तेव्हा दारात ऑटो थांबला. वासुदेवरावांची बहीण कोकिळा सेलूहून एसटीने आली होती. घामाघूम, हातात पेढ्यांचा पुडा.

"काय रे दादा! दुपारपासून फोन लावून राह्यली मी. जवा पहा तवा एंगेज! कोणासंग बोलून राह्यला होता?"

"कोणाशीच नाई," वासुदेवराव खरं तेच बोलले.

"अन् इकडं पोरीचा जीव टांगणीले! इला, पास झाली वं तू! केमिस्ट्रीतही! माह्या पोरानं, रजतनं, नागपूरले ऑफिसातल्या कॉम्प्युटरवर पाह्यलं अन् मले फोन केला."

इला आत्याच्या गळ्यात पडून रडली, मग हसली, मग दोन्ही एकदम. वासुदेवरावांनी चष्मा पुसला.

"एसटीनं किती वेळ लागला?" त्यांनी विचारलं.

"पाऊण तास. काऊन?"

"काही नाई. एसटीचा अर्ज नव्हता, नाहीतर विचार झाला असता."

पेढे फिरले. तोंडं गोड होताच गल्लीला मूळ प्रश्न आठवला. मग घ्यावं कोणतं? डायलअपवाले म्हणाले, निदान शिट्टी तरी वाजते. केबलवाले म्हणाले, नत्थूजी घरी असते तर दाखवलं असतं. दिवेलागण झाली तरी वाद मिटेना.

इलाला टक्के किती पडले, हे मात्र तिथे कोणीही विचारलं नाही. वाचकहो, तुम्हीही नाही. तुम्हीदेखील डायलअप की केबल याचीच वाट पाहत होता.

त्रेसष्ट पडले.