गुंडेरावकाका आणि न उतरणारं पाणी

गुंडेरावकाका कुणाच्याही घरी गेले की आधी खिशातून काचेची गोटी काढायचे आणि उंबऱ्याच्या आत जमिनीवर सोडायचे. ती जिकडे घरंगळेल तिकडे टक लावून बघायचे. मग राम राम. चहा त्यानंतर.

त्यांची उभी नोकरी पाटबंधारे खात्यात, कालव्यांवर गेली. ताडकळस, झरी, पुन्हा ताडकळस असं शिवारोशिवार पाणी पोचवता पोचवता त्यांचा या जगात एकाच गोष्टीवर विश्वास उरला होता, तो म्हणजे उतार. परभणीत आमच्या शेजारी घर बांधून काका निवृत्त झाले, पण उतार काही निवृत्त झाला नाही. कुणाचं पोट बिघडो, कुणाचा पोरगा नापास होवो, कुणाचा भाऊ वाटणीवरून बोलेनासा होवो, काकांचा पहिला सवाल ठरलेला. "उतार बघितला का?"

माझ्या पुतणीसाठी पेडगावला स्थळ बघायला गेलो, तेव्हा वडीलधारं माणूस म्हणून काकांना सोबत नेलं. ही कल्पना माझी. मुलाचे वडील शेताचं सांगत होते, तेवढ्यात गोटी निघाली आणि बैठकीतून घरंगळत थेट देवघरात गेली. "पोरगा चांगला हाय," काकांनी जाहीर केलं, "पण इथं पाणी सांडलं की सीधं देवापाशी जातंय. आधी फरशी काढा, मग साखरपुडा धरा." त्या मंडळींनी खरोखर फरशी काढली. लग्नही झालं. जावई कसा निघाला ते विचारू नका. फरशी उत्तम आहे.

माझ्या घराला त्यांनी 'तलाव' असं नाव ठेवलं होतं. आमचं न्हाणीघर मी स्वतः उभा राहून बांधून घेतलं होतं, आणि त्यातलं पाणी मोरीकडे पाठ करून दाराकडे यायचं. "मास्तर, तुमी शाळंत भूगोल शिकवता ना?" काका गल्लीभर ऐकू जाईल अशा आवाजात विचारायचे. मी खरंच भूगोल शिकवायचो.

तर अशा माणसाच्या घरी कपडे धुण्याची मशीन आली. त्या काळात गल्लीत रंगीत टीव्ही आला तरी पेढे वाटायचे. मशीन बघायला तर बायका हळदीकुंकवाला आल्यासारख्या येऊन गेल्या. काकूंच्या हातांना सोड्यानं चिरा पडायच्या, म्हणून काकांनी ती नांदेडहून आणली होती. कपडे झकास फिरायचे. पण पाणी सोडायचं बटण फिरवलं की अर्धं पाणी जायचं आणि अर्धं आत ठाण मांडून बसायचं. ते मग काका तांब्यानं उपसायचे. काकूंना हात लावू द्यायचे नाहीत.

गल्लीला पर्वणीच मिळाली. दूधवाल्यापासून सगळे विचारायला लागले, "काका, उतार बघितला का?" मी तर दिवसातून दोनदा विचारायचो. तलाव माझाच होता ना! काका रोज नवं कारण सांगायचे. एकदा व्होल्टेज कमी होतं. एकदा उंदरानं पाईपात घर केलं होतं. एकदा म्हणाले, "नळाला बोअरचं पाणी हाय. खारं पाणी जड असतंय, लवकर हलत न्हाई." भूगोलवाल्याला हे पटेना. आणि या सगळ्यात गोटी मात्र एकदाही खिशाबाहेर आली नाही. तेच मला खटकलं.

एका रविवारी सकाळी मी त्यांच्या मागच्या अंगणात शिरलो. काका उपसत होते. मी मशीनच्या मागे वाकून बघितलं. पाणी जायचा पाईप मोरीत सोडलेलाच नव्हता. तो वर उचलून शेजारच्या गुडघ्याएवढ्या पिंपाच्या काठाला सुतळीनं बांधला होता. पाण्यानं आपणहून वर चढावं अशी अपेक्षा माझ्या न्हाणीघरानंसुद्धा कधी केली नव्हती.

"काका!" मी आनंदानं ओरडलो. "अहो, पाईप वर..."

काकांनी ओल्या हातानं माझं तोंड दाबलं. त्या साबणाची चव मला अजून आठवते.

"हळू बोला की! ती आत भाकरी करायलीय."

"पण काका, उतार..."

"पयल्याच दिवशी दिसलं मला. आंधळा हाय का मी?"

मग खालच्या आवाजात सांगायला लागले. नळाला पाणी दिवसाआड. धुण्याचं पाणी नालीत जाताना काकूंना बघवेना. त्यांनीच पिंप आणलं, त्यांनीच पाईप बांधला. ते पाणी अंगण धुवायला होतं, संडासात टाकायला होतं.

"सगळ्या शिवाराला पाणी पोचवलं मी, मास्तर. अन् ही कालव्यावरच्या बिऱ्हाडात हयातभर डोक्यावर घागरी घेऊन विहिरीवर जायची. आता म्हणती, 'तुमी सरकारचं पाणी सोडलं, मी माझं साठवलं.' लय खूश हाय. शेजारणींना दाखवायलीय. तिला मी उतार शिकवू का आता?"

"पण गल्ली हसायलीय तुम्हाला."

"हसू द्या. तुमच्या तलावाला मी हसलोच की."

पुढच्या आठवड्यात गवंडी आला. मशीनखाली मांडीएवढा विटांचा ओटा झाला, मशीन वर चढली, आणि पाईप सुतळीसकट पिंपात सरळ उतरला. पाणी भडाभडा जायला लागलं. "कंपनीनं पाय आखूड दिले होते," काकांनी गल्लीत जाहीर केलं.

अडचण एकच झाली. काकू ठेंगण्या. मशीनच्या तोंडापर्यंत त्यांचा हात पोचेना. तेव्हा ज्यांनी जन्मात स्वतःचा रुमाल धुतला नव्हता, ते काका स्टुलावर चढून धुणं करायला लागले. भिंतीवरून त्यांचं डोकं दिसायचं. तिथूनच ते येणाऱ्याजाणाऱ्याला राम राम करायचे.

मला राहवलं नाही. "काका, ओट्यापेक्षा पिंपच खड्ड्यात उतरवलं असतं तर? उतार तोच."

त्यांनी पहिल्यांदाच माझ्याकडे जरा कौतुकानं बघितलं. "आता आला तुमाला भूगोल. पण खड्ड्यातून पाणी काढायला वाकावं लागतंय. तिला वाकवत न्हाई."

"बरं, पण ओटा एवढा उंच कशाला? काकूंचा हातच पोचत नाही की."

काकांनी खिशातून गोटी काढली आणि ओट्याच्या कडेला ठेवली. ती जागची हलली नाही.

"तिच्या हाताचं माप घेऊनच बांधलाय," ते म्हणाले, आणि स्टुलावर चढून काकूंचं लुगडं मशिनीत सोडायला लागले.