मास ट्रान्सफरचे डोईफोडे

डोईफोडे सर लग्नाला जाताना खिशात खडू घेऊन जायचे. आहेराचं पाकीट एखाद्या वेळी विसरतील, खडू नाही. आमच्या लायब्ररियनच्या बहिणीच्या लग्नात त्यांनी जेवणाच्या हॉलच्या दाराशी वाकून फरशीवर तुटक रेघ ओढली आणि हाताची घडी घालून शेजारी उभे राहिले. मुलीकडच्या एका काकांना वाटलं, काहीतरी विधी असेल. त्यांनी रेघेवर अक्षता टाकल्या.

"हे काय सर?" मी विचारलं.

"सीमा आखली. आत जायलेत लई, भाईर कोन यीना. म्हंजी आत साचायलेत." मग आचाऱ्याला गाठून म्हणाले, "भात कमी पडनार हाय बघा."

आचाऱ्यानं त्यांना हाकललं. भात कमी पडला. नजर लावल्याचा ठपका अर्थातच सरांवर आला.

डोईफोडे सर केमिकल इंजिनिअरिंगचे प्राध्यापक. मी त्याच कॉलेजात कम्युनिकेशन स्किल्स शिकवायचो. म्हणजे चार ओळी इंग्रजीत बोलायला मुलांना शिकवायचं आणि ती मुलाखतीला गेली की विसरतात, हे पाहायचं. सर मला नावानं हाक मारत नसत, 'इंग्रजी' म्हणत. "ओ इंग्रजी, चहा घेता का?" असं.

केमिकल इंजिनिअरिंगच्या अगदी पहिल्या धड्यात म्हणे एवढंच असतं: कुठल्याही यंत्राभोवती मनातल्या मनात एक रेघ ओढायची आणि आत गेलेला माल, बाहेर आलेला माल आणि आत साचलेला माल यांचा मेळ घालायचा. इतर प्राध्यापक हा धडा शिकवून पुढे जातात. डोईफोडे सर त्या धड्यातच बिऱ्हाड करून राहिले होते. प्राचार्यांच्या भाषणालाही ते हाच नियम लावत. "आत काय गेलं न्हवतं, तरी भाईर केवढं आलं! हे शास्त्रात बसत न्हाई."

आमचं कॉलेज वडवणीच्या पुढे, माळावर. तालुक्याच्या सहकारी साखर कारखान्याच्या चेअरमनसाहेबांनी आधी साखर काढली, मग दूध संघ काढला, मग पतसंस्था, आणि तरीही जागा उरली म्हणून इंजिनिअरिंग कॉलेज काढलं. कारखान्याला घरचेच इंजिनिअर मिळावेत म्हणून केमिकलची शाखा. दूरदृष्टी अशी की शाखेची पहिली तुकडी शेवटच्या वर्षाला आली आणि कारखान्याचं धुराडं थंड झालं. सलग दुसऱ्या वर्षी पाऊस नव्हता. ऊस जनावरांच्या छावणीत गेला.

पाणी गेलं तसा आमचा अभ्यासक्रमही अवघड झाला. फ्लुइड मेकॅनिक्सच्या प्रयोगशाळेत फ्लुइड सोडून सगळं होतं. डिस्टिलेशनच्या उंच काचेच्या नळीत पालींनी संसार थाटले. पण विद्यापीठाला प्रयोग हवे होते आणि मुलांना टर्म वर्कचे मार्क, त्यामुळे जर्नलमधून मात्र धो धो पाणी वाहत होतं. बाकीचे प्राध्यापक डोळे मिटून सह्या करायचे. डोईफोडे सर एकेकाला उभं करायचे.

"हे रीडिंग कुठून आनलं बे?"

"प्रयोग केला सर."

"नळाला थेंब न्हाई. पानी कुठून आलं?"

"पुण्याहून, सर. तिथल्या दोस्ताची जर्नल हाय."

सरांनी त्याला वर्गाबाहेर काढलं. पुण्याचं पाणी बीड जिल्ह्यात आणणारा तो पहिलाच माणूस होता, याची कुणी दखल घेतली नाही.

अभ्यासक्रमात औद्योगिक भेट सक्तीची होती. कारखाना बंद, तरी भेट झाली. मुलं गंजलेल्या चरकासमोर उभी राहिली, सरांनी खडूनं अख्ख्या चरकाभोवती रेघ मारली.

"घाला मेळ. आत किती ऊस?"

"शून्य, सर."

"भाईर किती साखर?"

"शून्य."

"मंग साचलं काय?"

मागून कुणीतरी म्हणालं, "चेअरमनसाहेबांची नवी गाडी!"

सरांनी त्या मुलाला बोलावून सगळ्यांसमोर पैकीच्या पैकी मार्क दिले. दुसऱ्या दिवशी त्यांना मेमो मिळाला. मेमोतल्या इंग्रजीच्या चुका त्यांनी माझ्याकडून दुरुस्त करून घेतल्या आणि तो प्राचार्यांना परत पाठवला.

मार्कांच्या बाबतीत मात्र हा माणूस दुष्काळापेक्षा कोरडा. त्यांचा विषय मास ट्रान्सफर, आणि त्यात नापास होणं ही आमच्या कॉलेजची परंपरा. तास सुरू झाला की दार लावून घ्यायचे. मागून आलेल्यानं बाहेरच उभं राहायचं. "आत-भाईर सारखं चालू ठिवलं तर मेळ कसा लागंल?" मुलं मागे त्यांना 'डोईफोड्या' म्हणायची.

त्या बाहेर उभ्या राहणाऱ्यांत सविता ओव्हाळ नेहमी असायची. तेलगावकडची. आईबाप दिवाळी झाली की ऊसतोडीला कोल्हापूरकडे जात. आमचा ऊस वाळला तरी तिकडचा उभा होता. धाकट्या दोन भावंडांसह ती कॉलेजजवळ खोली करून राहायची. हजेरी कमी, मास ट्रान्सफरला नापास. प्राचार्यांनी फर्मान काढलं: अशा विद्यार्थ्यांच्या पालकांनी शनिवारच्या सभेला हजर राहावं, नाहीतर हॉल तिकीट नाही.

सविता माझ्या तासाला येऊन रडली. "बाप कसा यील सर? मुकादम सोडत न्हाई. माय म्हनती, राहूंदे मंग ते शिक्षन, लेकरं घिऊन इकडंच ये तोडीला."

मी हे स्टाफरूममध्ये सांगितलं. सगळे हळहळले आणि चहा प्यायले. डोईफोडे सरांनी फक्त विचारलं, "उशीर कावून करती ती?"

"पहाटे टँकरच्या रांगेत उभी असते. घागरी घरी पोचवून मग येते."

सर उठले. चहा तसाच ठेवून गेले.

शनिवारी सभा भरली. मंचावर प्राचार्य, मागे 'सुसंवाद' असा फलक. प्राध्यापकांना गादीच्या खुर्च्या, पालकांना प्लॅस्टिकच्या. डोईफोडे सर उशिरा आले. अंगात धुतलेला शर्ट होता; त्या दिवसांत ही चैन होती. ते आमच्याकडे न येता सरळ पालकांत जाऊन बसले.

"सविता ओव्हाळचे पालक?" प्राचार्यांनी पुकारलं.

डोईफोडे सर उभे राहिले.

"सर, तुमची खुर्ची इकडे आहे."

"न्हाई, मी ओव्हाळच्या पोरीकडून आलोय."

"तुम्ही तिचे कोण?"

"तिचे मायबाप तोडीला गेलेत. ते येईपर्यंत मी."

हॉलमध्ये खसखस पिकली. प्राचार्यांना वाटलं, मेमो परत आल्याचा वचपा आता काढता येईल. ते गोड हसले. "बरं. तर पालकहो, तुमची मुलगी मास ट्रान्सफरमध्ये नापास आहे."

"शिकवतंय कोन?"

"तुम्हीच!"

"मंग त्या मास्तरला जाब इचारा की! लई गुर्मी हाय त्याला. पोरगी पहाटंपासून पान्यासाठी उभी ऱ्हाती, तिथून पळत येती, आन् ह्यो दार लावून घेतो. कावून उशीर झाला, एकदा तरी इचारलं का त्यानं?"

त्यांचा आवाज चढला होता. शेजारचे एक फेटेवाले आजोबा जोरात म्हणाले, "खरं हाय! माज्या नातवाचं बी तेच गाऱ्हानं. डोईफोड्या का कोन म्हंत्यात त्याला."

"भेटला की सांगतो त्याला," सर म्हणाले.

सगळे पालक एकदम बोलायला लागले. सुसंवाद इतका वाढला की प्राचार्यांना टेबल वाजवावं लागलं. पालक आले तर हॉल तिकीट, हा नियम त्यांचाच; आणि पालक समोर उभे होते. त्यांनी घाईघाईनं सविताचं नाव मोकळं केलं आणि संबंधित प्राध्यापकांनी संध्याकाळी जादा तास घ्यावेत, असं सुनावलं.

"घ्यायलाच पायजे त्यानं," असं म्हणून सर खाली बसले. पुढचं नाव पुकारलं. कुणी उठलं नाही. त्या मुलाचे आईबापही तोडीलाच होते. सर पुन्हा उभे राहिले. मग पुढच्या नावालाही. शेवटी तर प्राचार्य नाव वाचून थेट त्यांच्याकडेच बघायला लागले.

सभा संपल्यावर उन्हं उतरली होती. आम्ही फाटकाशी आलो तर सविता तिथे उभी. कानाला फोन, बाजूला दोन्ही भावंडं.

"सर, माय बोलते म्हनती. मुकादमाच्या फोनवरून."

सरांनी घसा साफ केला. मास ट्रान्सफर सोप्या मराठीत कसं सांगायचं, याची मनात जुळवाजुळव चालली असावी. "हां ताई, नमस्कार. तिच्या अभ्यासाचं—"

पलीकडून काहीतरी विचारलं गेलं. सर थांबले. चेहऱ्यावर काय झालं ते मला नीट सांगता येणार नाही. व्हायवाला आमची मुलं जशी दिसतात, तसे ते दिसले. त्यांनी फोनवर हात ठेवला आणि सविताला हळूच विचारलं, "जेवता का गं तुमी नीट?"

सविता खाली बघायला लागली. धाकटा म्हणाला, "सकाळी मुरमुरे खाल्ले."

सरांनी फोन पुन्हा कानाला लावला. "जेवत्यात, ताई. न्हाई न्हाई, काळजी नका करू. आता माज्याकडंच निघालेत जेवायला. व्हय. रोज."

फोन सविताला देऊन ते कॉलेजमागच्या आपल्या क्वार्टरकडे चालायला लागले. तिन्ही मुलं मागून निघाली. ते आल्यापासून त्या क्वार्टरमध्ये एकटेच राहत होते आणि आमच्यापैकी कुणी कधी त्यांच्या दाराच्या आत गेलेलं नव्हतं. थोडं पुढे जाऊन ते थांबले आणि एकटेच माझ्याकडे परत आले. मुलांना ऐकू जाऊ नये म्हणून अगदी जवळ येऊन म्हणाले,

"ओ इंग्रजी, तुमच्या घरून जरा ताटं आना ना. माज्याकडं एकच हाय."