आज जागल कोणाची?

बडनेऱ्याहून अकोल्याला रोज अप-डाऊन करणाऱ्या बायांचा एक कायदा होता. गाडीत जागा मिळाली की सगळ्यांनी झोपायचं आणि एकीनं जागं राहून अकोला आलं की बाकीच्यांना उठवायचं. शेतात रात्री पिकाची राखण करतात, तिला आपल्याकडे जागल म्हणतात. बायांनी या कामालाही तेच नाव ठेवलं होतं. डब्यात पाय टाकला की पहिला प्रश्न, "आज जागल कोणाची?"

उत्तरही ठरलेलं असे. "माझी," ज्योत्स्नाताई म्हणत.

प्रा. ज्योत्स्ना तायडे विद्यापीठात संख्याशास्त्र शिकवत, हे झालं सांगण्यापुरतं. तिथलं टाइमटेबल त्यांच्याकडे, परीक्षेचं भरारी पथक त्यांच्याकडे, पाहुण्यांना द्यायच्या शालीसुद्धा त्यांच्याच कपाटात. कोणी "मॅडम, एवढं पाहता का?" म्हणायचा अवकाश, बाई "आणा इकडं" म्हणून मोकळ्या. रात्र रात्र डोळ्याला डोळा लागत नसे आणि सकाळी डोकं ठणकत असे. पण दुसऱ्या कोणावर काम सोपवायची वेळ आली की बाई ते परत आपल्याकडेच ओढून घेत. गाडीतली जागलही त्यांनी कधी कोणाला करू दिली नव्हती.

त्या दिवशी मात्र दामिनी आणि करिश्मा हटूनच बसल्या.

"आज तुमी झोपायचं, ताई," दामिनी म्हणाली. दामिनी बोंडे दर्यापूरची, रसायनशास्त्र शिकवायची. घरी तान्हं पोर असल्यामुळे तिच्या झोपेचा पार बोजवारा उडाला होता.

"काहून?"

"काहून म्हंजे? आज मुलाखत हाय न तुमची? डोळे पाहा कसे लाल झाले. कमिटीवाले भिऊन जातीन."

मुलाखत होती खरी, आणि तीही बढतीची. पहिल्या खेपेला सासऱ्यांचं ऑपरेशन निघालं, दुसऱ्या खेपेला बाईंनाच डेंगी झाला. आज हुकलं तर पुढचा योग कधी येईल, कोण जाणे.

"अन् जागल?" त्यांनी विचारलं.

"आमी दोघी कायले हाव मंग?" अचलपूरची करिश्मा म्हणाली. "तुमच्यासाठी आज डबल जागल!"

समोर खिडकीशी एक बाई बसल्या होत्या. नागपूरहून येत असाव्यात, चेहरा पार उतरलेला. त्या संकोचून म्हणाल्या, "अकोल्यालाच उतरताय का? मलाही उठवाल? दोन रात्री झोप नाहीये हो. मोबाईलही बंद पडलाय, गजर लावायची सोय नाही."

"झोपा तुमी बिनधास्त!" करिश्मानं त्यांनाही पदरात घेतलं.

आणि इथंच घात झाला. एकीवर काम असलं की ती डोळ्यांत तेल घालून बसते. दोघींवर असलं की प्रत्येकीला वाटतं, दुसरी आहे ना! मूर्तिजापूर गेलं तेव्हा करिश्मानं शेजारी पाहिलं. दामिनी चांगली ताठ बसलेली दिसली. हिच्या भरवशावर जरा डोळे मिटावे म्हणून करिश्मानं मान टेकली. बिचारीला काय ठाऊक, दामिनी त्याआधीच्या कुरूमपासूनच झोपली होती!

ज्योत्स्नाताईंना तर अशी झोप लागली म्हणता, की टाइमटेबल नाही, पथक नाही, काही नाही. करिश्माच्या खांद्यावर डोकं आणि तोंड मस्त उघडं. त्यांना जाग आली ती आरोळीनं.

"कचोरी, गरमागरम कचोरी!"

"अकोल्यात कचोरी कधीपासून विकून राहिले?" त्या पुटपुटल्या. मग बाहेरची पाटी वाचली आणि किंचाळल्या, "अवं माय! शेगाव!"

पिशव्या, चपला, डबे सावरत चौघी कशाबशा खाली उतरल्या. गाडी निघून गेली.

"मले वाटलं तू जागी हायेस!" दामिनी म्हणाली.

"अन् मले वाटलं तू! ताठ बसून होतीस न!"

"पोराले मांडीवर घेऊन मी तशीच झोपते वं!" म्हणत दामिनीनं रडायलाच सुरुवात केली. करिश्माचंही नाक लाल झालं.

ज्योत्स्नाताईंनी घड्याळ पाहिलं. बढती तिसऱ्यांदा हातची गेली, तीही एका झोपेपायी! दोघींना चांगलं फैलावर घ्यावं म्हणून त्यांनी तोंड उघडलं, तर दामिनीच्या डोळ्यांखालची काळी वर्तुळं दिसली आणि ओढणीवरचा दुधाचा डाग दिसला. राग आला तसाच गिळावा लागला. त्यांनी विद्यापीठातल्या बंडूभाऊंना फोन लावला. गलक्यात ऐकू येईना म्हणून स्पीकर सुरू केला.

"बंडूभाऊ, मी शेगावात हाव."

"अरे वा! मुलाखतीआधी दर्शन घेऊन राहिल्या काय?"

"दर्शन कायचं भाऊ, गाडीत झोप लागली!"

"मंग काही घाबरू नका. इथं सगळे चहा पिऊन राहिले. त्या नागपूरच्या तज्ज्ञ बाई येणार होत्या न, शेंडे मॅडम, त्याच गायब हायेत. फोन बंद येऊन राहिला. त्यांच्याबिगर कमिटी बसत नाई."

शेजारी चौथ्या बाई कचोरी खात उभ्या होत्या. त्यांचा घास तोंडातच राहिला. तो त्यांनी कसाबसा गिळला.

"त्यांना सांगा," त्या हळूच म्हणाल्या, "शेंडे मॅडम शेगावात सापडल्या."

करिश्मा दामिनीच्या मागे दडली. ज्योत्स्नाताईंना नमस्कार करावा की माफी मागावी, तेच सुचेना.

"मुलाखत तुमचीच का?" शेंडे मॅडमनी विचारलं.

"हो मॅडम."

"मग आता आपण बोलायचं नाही. बरं दिसत नाही ते." असं म्हणून त्या कचोरी घेऊन लांबच्या बाकावर पाठ करून बसल्या. थोड्या वेळानं परत आल्या. "एवढंच सांगा, परतीची गाडी कोणत्या प्लॅटफॉर्मवर येते?" ते ऐकून पुन्हा जाऊन बसल्या. परतीच्या गाडीतही त्या डब्याच्या दुसऱ्या टोकाला होत्या. पण अकोल्याआधीचं गायगाव गेलं मात्र, चौघीही दारात येऊन उभ्या राहिल्या!

मुलाखत दुपारी झाली. इतरांचे प्रश्न संपले तशी शेंडे मॅडमनी मान वर केली. "एवढी कामं तुम्ही एकट्या कशा पेलता?"

वेळेच्या नियोजनावर ज्योत्स्नाताईंनी झकास उत्तर पाठ केलं होतं. पण तोंडातून भलतंच निघालं. "पेलत नाही मॅडम. रात्री झोप येत नाही. कोणावर काही सोपवायचं म्हटलं की भीती वाटते. आज पहिल्यांदा सोपवलं."

"मग?"

"फसलं," बाई म्हणाल्या. "पण कितीतरी दिवसांनी आज डोकं दुखत नाहीये."

शेंडे मॅडम खाली मान घालून लिहायला लागल्या. त्यांचे खांदे हलत होते.

संध्याकाळच्या गाडीत दामिनी आणि करिश्मा माना खाली घालून बसल्या होत्या. त्याच गाडीनं शेंडे मॅडम नागपूरला निघाल्या होत्या. या वेळी त्या येऊन समोरच बसल्या. "निकाल मला सांगता येणार नाही," त्यांनी आधीच बजावलं.

"आमी कुठं विचारला?" करिश्मा म्हणाली. पण जीव तिच्या डोळ्यांत येऊन बसला होता.

"बरं. जागल कोणाची?"

ज्योत्स्नाताईंनी सवयीनं तोंड उघडलं, पण शेंडे मॅडमनी हात वर केला. "माझी. तुम्ही आता झोपून घ्या, मॅडम. पुढं याहून जास्त कामं मागं लागणार आहेत तुमच्या."

करिश्मानं दामिनीला असा चिमटा काढला की ती कळवळली. ज्योत्स्नाताईंचे डोळे भरून आले. काहीतरी बोलावं म्हणून त्या शब्द शोधत होत्या. शोधता शोधता बोरगाव यायच्या आत त्यांचा डोळा लागला.

आज कोणावर विश्वास म्हणून ठेवायचा नाही, असं ठरवून दामिनी आणि करिश्माही टक्क जाग्या राहिल्या. एकीच्या झोपेवर तिघींची जागल होती. मूर्तिजापूर गेलं, कुरूम गेलं. ज्योत्स्नाताईंचं डोकं करिश्माच्या खांद्यावर होतं आणि तोंड मस्त उघडं.

बडनेरा आलं. पण त्यांना उठवायला एकीचाही हात पुढे होईना.