रोमितादेवींच्या घशातला काटा

विद्यापीठाच्या अतिथिगृहात पाहुणीच्या ताटात मोहरीतला इलिश, बारीक काट्यांनी भरलेला मासा, पडला आणि शर्बाणी कुंडू आपलं ताट सोडून उठली.

पाहुणी म्हणजे कादंबरीकार रोमिता घोषाल. जन्म बोस्टनचा, लेखन इंग्रजी. आजी नातीला इलिशचे काटे काढून भरवते, या प्रसंगावर त्यांनी जगभर नाव मिळवलं होतं. ती कादंबरी शर्बाणीने फुकटात बंगालीत आणली होती. आज पाहुणीच्या भाषणानंतर ते भाषांतर ती कुलगुरूंसमोर वाचणार होती. शर्बाणीचं शिकवण्याचं कंत्राट संपत आलं होतं. नोकरी टिकायची तर आजच.

"सर, त्यांना काट्यांची सवय नसेल. कटलेट सांगू का?" तिने विभागप्रमुख भवतोष सान्यालांना विचारलं.

"अगं, इलिशवर बक्षिसं मिळवलीत बाईंनी! त्यांना कटलेट वाढून नाक कापून घेऊ?"

पाहुणीही अब्रूला जपणारी. आजी कागदावरची, मासा मात्र खरा, हे कबूल करायचं कसं? तिने बोटांनी मोठा घास घेतला आणि तिचे डोळे पांढरे झाले.

"सुका भात! न चावता गिळा, दीदी!" सान्याल ओरडले.

भात गेला, केळं गेलं, काटा हलेना. सान्यालांनी खिशातून होमिओपॅथीच्या गोळ्या काढल्या. त्याही गेल्या. मग उरला बंगाली आज्यांचा एकच उपाय, मांजराचे पाय धरून विनवण्याचा; काटा आपोआप उतरतो म्हणे. कँटीनच्या बोक्यामागे विभागातल्या तीन डॉक्टरेट धावल्या.

"नीट धरा, दीदी. मनापासून!" सान्याल म्हणाले.

बोक्याने पाहुणीला ओरबाडलं. काटा होता तिथेच राहिला.

शेवटी शर्बाणीनेच पर्समधला भुवयांचा चिमटा धुऊन घेतला, बाईंना आ करायला लावलं आणि काटा उपसला. पण घसा सोलवटला होता, आवाज फुटेना.

"मग माझं भाषांतर मी लगेच वाचते, सर."

"तू? समोर कुलगुरू आहेत. आवाजाला वजन नको?"

सान्यालांनी वाचलं. स्वतःच गहिवरले, टाळ्या घेतल्या आणि भाषांतर कुणाचं ते सांगायला विसरले. असल्या माणसांना विसरायचं काय ते बरोबर आठवतं. कुलगुरूंनी सान्यालांना मुदतवाढ दिली. शर्बाणीचं कंत्राट संपलं.

पुढच्या वर्षी रोमितादेवींची नवी कादंबरी आली. तिच्यात बंगालमधलं जेवण होतं, गोळ्या होत्या, बोका होता. काटा काढणारी मात्र एक निनावी, अडाणी मोलकरीण होती.

सान्यालांचा फोन आला. "शर्बाणी, हेही तूच कर हं. मानधन नाही, पण बाईंनी स्वतः तुझी आठवण काढली."

"माझं नाव घेऊन?"

"नाव नाही गं. 'ती भाषांतरवाली' म्हणाल्या."

शर्बाणी हो म्हणाली. भाषांतर वेळेवर झालं, छापूनही आलं. बाईंना बंगाली वाचता येत नाही आणि सान्याल प्रस्तावनेपलीकडे जात नाहीत. बंगाली आवृत्तीत इलिश आहे, गोळ्या आहेत, बोका आहे. मोलकरीण त्या दिवशी रजेवर आहे.

काटा अजून घशातच आहे.