टेंबेकाकांची चाळीस स्थळं

नोव्हेंबरचा पहिला शनिवार, सकाळचे अकरा. रक्कम: दोन हजार चारशे रुपये. हजर: मुख्याध्यापिका पाठकमॅडम, पालक समितीचा कोषाध्यक्ष म्हणून मी, आणि भालचंद्र टेंबे, ज्यांना कोणीही बोलावलेलं नव्हतं. शाळेच्या वाचन महिन्यासाठी मंजूर झालेले हे पैसे कशावर खर्च करावेत, एवढाच विषय होता. मॅडमचं म्हणणं, प्रमाणपत्रं छापावीत. माझं म्हणणं, निम्मे शिल्लक ठेवावेत. टेंबे म्हणाले, "पोहे करा."

हा खर्च कोणत्या सदरात दाखवायचा, असं मी विचारलं.

"पाहण्याच्या कार्यक्रमात दाखवा, गोरेजी. पोह्यांशिवाय पाहणं होतं का कुठे?"

टेंबेकाका तुकोगंजात आमच्याच इमारतीत तळमजल्यावर राहतात. एकतीस वर्षं त्यांनी इंदूरच्या मराठी घरांसाठी वधू-वर सूचक केंद्र चालवलं. आता मुलं-मुली मोबाइलवर एकमेकांना पसंत करतात आणि केंद्राच्या पाटीवर चिमण्या बसतात. पण काकांची सवय गेलेली नाही. आमच्याकडे नवा फ्रीज आला तेव्हा ते बघायला आले, दोन पावलं मागे सरले, ओट्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "ओटा जरा ठेंगणा आहे, पण शोभेल."

त्या शनिवारी ते शाळेत आले होते मला आमच्या घराची किल्ली द्यायला. मॅडमच्या टेबलावर एक यादी पडली होती. गेल्या दहा वर्षांत एकाही मुलाने घरी न नेलेली चाळीस पुस्तकं. वाचनालयाच्या दोन खोल्यांची एक होणार होती, त्यामुळे महिनाअखेरपर्यंत जी पुस्तकं जागची हलणार नाहीत ती रद्दीत जाणार होती. काकांनी समोरून ती यादी उलटी वाचली, खुर्ची ओढली आणि बसले.

"रद्दीत कशाला? स्थळ वाईट नसतं मॅडम, जोडी चुकते. मला महिना द्या. चाळीसच्या चाळीस उजवून देतो."

मॅडमना फुकटचा स्वयंसेवक मिळाला म्हणून आनंद झाला. मी मनात पोह्यांचा दर काढत होतो.

पहिले काही दिवस काकांनी एकाही पुस्तकाला कोणाला हात लावू दिला नाही. तुळशीचं लग्न लागायचं होतं, तोवर मुहूर्त नाहीत म्हणाले. मी त्यांना महिन्याचे दिवस मोजून दाखवले. ते म्हणाले, घाईत जमवलेलं एकही टिकलेलं त्यांच्या पाहण्यात नाही. तो वेळ त्यांनी एकेका पुस्तकाचं परिचयपत्र लिहिण्यात घालवला. नाव, पानं, वजन, स्वभाव, अपेक्षा. वजनासाठी आमच्या स्वयंपाकघरातला काटा नेला. एका जाडजूड कादंबरीच्या पत्रावर लिहिलं होतं: "पानं चारशे बारा. अंगानं भरलेली, पण घरंदाज. घाई असणाऱ्याने येऊ नये." दुसऱ्या एका पुस्तकाबद्दल: "शिलाई उसवली आहे. लपवायचं नाही, मागाहून बोभाटा होतो."

मुलांचीही नोंदणी झाली. आवड काय, नावड काय, राग लवकर येतो का, घरात कोणाशी जास्त पटतं. एकशे चार मुलांनी फॉर्म भरले, आणि यात पोह्यांचा वाटा किती हे मला वेगळं काढता आलं नाही.

पाहण्याचा कार्यक्रम मधल्या सुट्टीत, व्हरांड्यात. पाटावर पुस्तक, समोर मूल, मध्ये पोह्यांची बशी, वर शेव आणि जीरावनचा मसाला. आधी पोहे, मग साबणाने हात, मग दहा मिनिटं एकांत. एकांताच्या वेळी काका स्वतः नळापाशी जाऊन पाठमोरे उभे राहत आणि दुसऱ्या कोणालाही तिकडे बघू देत नसत. दहा मिनिटांनी होकार किंवा नकार. नकाराचं कारण विचारायचं नाही, हा केंद्राचा जुना नियम.

सहावीतला एक मुलगा लागोपाठ तीन दिवस आला आणि तीनदा नकार देऊन गेला. मी काकांना म्हटलं, हा पोह्यांसाठी येतोय. काका म्हणाले, असू दे, तिसऱ्या नकारानंतरच माणूस नीट बघायला लागतो. चौथ्या दिवशी तो मुलगा कीटकांवरचं एक पुस्तक शर्टाच्या आत घालून घरी गेला.

जोड्या लावण्यात मात्र त्यांचा हात कोणी धरू शकत नाही, हे मला मान्य करावं लागलं. शाळेची घंटा ज्याने तारा जोडून जाळली होती त्याला त्यांनी विजेवरचं पुस्तक दिलं. दोन भागांची एक कादंबरी होती, ती आठवीतल्या जुळ्या भावांना दिली. "दोघी बहिणी एका घरात गेलेल्या बऱ्या, करमतं." व्यायामाचे सर सहज डोकावले, तर त्यांच्याही हातात एक प्रवासवर्णन आलं. सर नको म्हणत होते. काकांनी फक्त विचारलं, "वय काय तुमचं?" सरांनी पुस्तक घेतलं.

पुस्तक गेल्यापासून चौथ्या दिवशी काका त्या घरी फोन करत. प्रश्न एकच, "नांदतंय ना?" यात एकदा घोटाळा झाला. ज्या बाईंना फोन लागला त्यांच्या थोरल्या मुलीचं नुकतंच लग्न झालं होतं, आणि तेही काकांनीच जमवलेलं. धाकट्याने शाळेतून पुस्तक आणलंय याचा बाईंना पत्ताच नव्हता. त्यांनी अर्धा तास जावयाच्या घोरण्याबद्दल सांगितलं. काकांनी सगळं ऐकलं, उशी बदलायला सांगितली, आणि मग म्हणाले, "ते झालं. आता पुस्तकाचं बोला."

महिन्याच्या शेवटच्या बुधवारी मी आकडा घेतला. एकोणचाळीस गेली होती. राहिलं होतं एक. शनिवारी रद्दीवाला येणार होता.

ते एक पुस्तक बाकाच्या टोकाला पडून असे. त्याला पाट नव्हता. एखादं मूल त्याच्या जवळ गेलं की काकांना अचानक पोह्यांत मीठ बघायचं असे. मी त्यांची परिचयपत्रं मोजली. तीही एकोणचाळीस. मी सरळ विचारलं, चाळीस म्हणाला होतात ना?

"राहू द्या भिया. एखादं राहतं."

एकतीस वर्षांत एकही फाइल 'राहतं' म्हणून बंद न केलेला माणूस असं बोलला, ते मला पटेना. मी पुस्तक उचललं. बारीकसं, एकशे बारा पानांचं, मुलांसाठी गोष्टी. लेखिकेचं नाव ओळखीचं नव्हतं. मग मी वाचनालयाचं दाखल रजिस्टर काढलं, कारण माझं समाधान कागदाशिवाय होत नाही. त्या क्रमांकासमोर लिहिलं होतं: भेट, भा. टेंबे.

मी रजिस्टर त्यांच्यापुढे धरलं. त्यांनी त्यातल्या स्वतःच्या नावावर बोट ठेवलं आणि सांगितलं.

पुस्तक त्यांच्या पत्नीचं होतं. कुसुमताई जाऊन चार वर्षं झाली. पुस्तकावर नाव माहेरचं घातलं होतं. सासरच्या नावाने आयुष्यभर लोकांच्या पत्रिका लिहिल्या, म्हणाल्या, हे एवढं माझ्या नावावर असू दे.

मी विचारलं, "मग परिचयपत्र का नाही लिहिलंत?"

"घरचं स्थळ आपण सुचवायचं नसतं, गोरेजी. एकदासुद्धा नाही सुचवलं मी. लोक म्हणतील, केंद्र काढलं आणि आपल्याच घरचं उजवून घेतलं." मग त्यांनी चष्मा काढून पुसला. "आणि लिहू तरी काय? आत काय आहे मलाच ठाऊक नाही. ती लिहीत होती तेव्हा लग्नसराई. छापून आलं तेव्हा लग्नसराई. वाचून सांगा म्हणायची. मी म्हणायचो, सीझन संपू दे. आता उघडवत नाही."

मला जोड्या लावता येत नाहीत. पण समोर आहे ते जसंच्या तसं लिहिता येतं. त्या संध्याकाळी मी पुस्तक घरी नेऊन पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचलं आणि परिचयपत्र केलं: "पानं एकशे बारा. वजन एकशे पन्नास ग्रॅम. छपाई बेताची. पान अठरा उलटं बांधलं आहे. वाचताना दोनदा मोठ्याने हसू आलं, पान चौतीस आणि पान एक्क्याऐंशी. अपेक्षा: काही नाही."

गुरुवारी मधल्या सुट्टीत मी सातवीतल्या ओवीला बोलावलं. ती चार पुस्तकं नाकारून बसली होती. तिने आधी खात्री करून घेतली, पाचवी बार पण पोहे मिळतात ना. मिळतात म्हटलं. पाट मीच मांडला. काका नळापाशी पाठमोरे उभे.

ओवीने परिचयपत्र वाचलं. "उलटं पान? मग वही पहले बघते," म्हणाली, आणि पुस्तक उलटं धरून वाचायला लागली. दहा मिनिटं संपली. पंधरा झाली. घंटा वाजली. ती पुस्तक घेऊन वर्गाकडे चालू लागली, तेव्हा मी मागून ओरडून विचारलं, होकार ना? तिने मागे न बघता मान हलवली. काका नळापाशी तसेच उभे होते. नळ चालू होता आणि पाणी वाया जात होतं. तो मी बंद केला.

शनिवारी रद्दीवाला आला आणि रिकाम्या हाताने गेला.

चौथा दिवस सोमवार. काकांनी फोन केला नाही. संध्याकाळी ते वर आमच्याकडे आले, चहा नको म्हणाले, आणि खुर्चीच्या काठावर बसून राहिले. मी म्हटलं, फोन करायचा ना?

"तुम्ही करा. मध्यस्थ तुम्ही."

मी फोन लावला आणि स्पीकर चालू केला. ओवीच फोनवर आली. "नांदतंय ना?" हे मला विचारता येईना, म्हणून मी विचारलं, पुस्तक वाचते आहेस का.

"पूरं झालं कालच. पण गोरेकाका, एक सांगा. त्यातला तो माणूस असली आहे क्या? जो भाजीवाल्याकडे दोडके पण जोड्या लावून घेतो, एका उंचीचे? आणि त्याची बायको रोज मुद्दाम त्याच्या ताटात एक लंबा एक छोटा वाढते?"

मी टेंबेकाकांकडे पाहिलं. मग मीच विचारलं, तुला कसा वाटला तो?

"पागल आहे थोडा. पण बायकोला तो खूप आवडतो. लिहिलेलं नाहीये कहीं, पण समजून येतं."

ओवी दोनदा हॅलो म्हणाली. मग काका फोनकडे वाकले आणि म्हणाले, "दोडके नव्हते, बेटा. गिलकी होती."

"तुम्ही कोण?"

"तुझं झालं की पुढचा नंबर माझा लाव," काका म्हणाले. तिने विचारलं, तुमचं नाव नोंदवलंय का. त्यांनी नाही म्हटलं. मग आधी फॉर्म भरा, असं तिने त्यांना बजावलं आणि फोन ठेवला.

काका हसायला लागले. हसता हसता डोळे पुसत त्यांनी खिशातून पाकीट काढलं, एक शंभराची नोट आणि एक रुपयाचं नाणं टीपॉयवर ठेवलं. मी म्हटलं, वाचन महिन्याचे हिशोब मी शुक्रवारीच बंद केले, आता काही जमा करता येणार नाही. ते म्हणाले, हे शाळेचे नाहीत. घरून सुखरूप असल्याचं कळलं की मध्यस्थाला द्यायचे असतात, आणि त्याने ते घ्यायचे असतात, नाहीतर जोडी टिकत नाही. एकतीस वर्षं ते घेत आले होते. द्यायची वेळ पहिल्यांदाच आली.

एकशे एक रुपये, रोख, भालचंद्र टेंबे यांच्याकडून मला. मी घेतले.