स्टोव्हचा तालुका दौरा

वाळवीनं बिलबुकांचे कोपरे खाल्ले होते, म्हणून मच्छिंद्र दुकानाचं सगळं दप्तर गच्चीवर उन्हात घालत होता. तेवढ्यात खालून घरमालक महालिंगप्पांचा आवाज आला.

"मल्लिनाथ, पाडव्याच्या आत जागा खाली करा. म्या जागा कुटुंबाला दिली हुती, करारातच लिवलंय. तुमी दोघं सडेफटिंग. इतकी वर्षं डोळेझाक केली, आता मला लॉज काढायचाय."

"अप्पा, आमी..." एवढं बोलून खाली दुकानात बसलेला मल्लिनाथ अडला. 'आमी'च्या पुढं काय म्हणायचं, हे आजवर कुणी विचारलं नव्हतं आणि त्यानंही सांगितलं नव्हतं.

तुळजापुरातलं हे दुकान समोरून आरत्या, पंचांगं आणि पाट्या-पेन्सिलींचं होतं. मागच्या कपाटात वेगळा माल असे. पुरुषावर जीव जडलेल्या पुरुषांच्या आणि बाईवर जीव जडलेल्या बायांच्या गोष्टी. काही लांबून मागवलेल्या, काही मच्छिंद्रनं मराठीत करून हातानं उतरवलेल्या. प्रत्येकीवर 'सुधारित ऊस लागवड' असं कव्हर. सोलापूर-बिदरकडची माणसं देवीचं दर्शन उरकून यायची आणि खालच्या आवाजात ऊस लागवड मागायची. ढोकीच्या एका बागायतदारानं खरोखरच्या उसासाठी एक प्रत नेली होती. त्याची तक्रार मात्र आली नाही. दुकान गेलं असतं तर या माणसांना एकमेकांना भेटायला दुसरी जागा नव्हती, आणि दुकानावरच्या खोलीत एकत्र राहणाऱ्या या दोघांना तर नव्हतीच.

त्या वर्षी पावसानं पाठ फिरवली होती, पण सहकारी संस्थांचं पीक जोमात होतं. स्टँडजवळचे नवे गाळे सहकारी संस्थांना मिळणार असं कळल्यावर मल्लिनाथनं पुस्तकांच्या दुकानाचं सहकारी ग्रंथ भांडार करायचं ठरवलं. अट एवढीच होती की दहा सभासद पाहिजेत, आणि दहाही वेगवेगळ्या कुटुंबांतले. मागच्या कपाटाच्या गिऱ्हाइकांनी आनंदानं सह्या केल्या. अर्ज गेला आणि मग मच्छिंद्रच्या डोक्यात उजेड पडला.

"मल्लू, समदे जोडीनं आलेत की रं!"

"मग? सह्या तर येगळ्या हायत."

"आन् चुली?"

सहकार खात्यातून तपासणीला येणारे नानासाहेब नेमके चुलींसाठी प्रसिद्ध होते. रेशनकार्ड आणि आडनावं यांवर त्यांचा काडीचा विश्वास नव्हता. चूल वेगळी तर कुटुंब वेगळं, हा त्यांचा नियम, आणि तो तपासायला ते थेट स्वयंपाकघरात शिरत.

नळदुर्गच्या सभासद शांतम्मा नर्सनं सुया उकळायचा आपला पितळी स्टोव्ह धाडून दिला. त्याचा एक पाय आखूड होता. मल्लिनाथनं त्याखाली एक ऊस लागवड सरकवलं आणि तो खोलीच्या दुसऱ्या कोपऱ्यात मांडला. नानासाहेब आले तेव्हा मल्लिनाथ चुलीवर पिठलं घाटत होता, मच्छिंद्र स्टोव्हवर भात शिजवत होता, आणि दोघांनी एकमेकांकडे पाठ केली होती.

"जेवण वेगळं?" नानासाहेबांनी विचारलं.

"एकदम," मल्लिनाथ म्हणाला. "ह्यांच्या ताटाकडं म्या बघत सुदिक न्हाय."

मच्छिंद्रनं भातात मिठाची चिमूट टाकली. मल्लिनाथ मागं न बघताच कडाडला, "पुरं की आता! डाक्टरनं मीठ सोडाया सांगितलंय नव्हं?"

"तू बिडी सोड, मंग म्या मीठ सोडतो."

नानासाहेबांचं पेन थांबलं. "हे आमच्या घरी रोज असतं," ते म्हणाले, "फक्त बिडीच्या जागी तंबाखू." पण कागदावर त्यांनी काय लिहिलं ते दिसलं नाही.

पुढची तपासणी नळदुर्गला होती. तिथं मुक्ताबाई मास्तरीण आणि शांतम्मा एका घरात राहत, आणि त्यांचा दुसरा स्टोव्ह तर इथं होता. मच्छिंद्र पोत्यात स्टोव्ह आणि पुस्तक घालून नानासाहेबांच्याच एसटीत मागं चढला.

"रॉकेलचं भांडं गाडीत चालत न्हाय," कंडक्टर म्हणाला.

"रिकामं हाय."

"मंग रिकामं भांडं घिऊन कुठं हिंडायलाव?"

पुढच्या सीटवर बसलेल्या नानासाहेबांनी मान वळवली नाही. नळदुर्गला ते आधी चहाला बसले, तेवढ्यात मच्छिंद्रनं धावत जाऊन स्टोव्ह मांडला.

"हा कुणाचा?" त्यांनी विचारलं.

"माझाच," शांतम्मा म्हणाली. साऱ्या तपासणीत खरं असलेलं हे पहिलं उत्तर. नानासाहेबांनी वाकून स्टोव्हखालचं पुस्तक काढलं, उभ्याउभ्या बरंच चाळलं आणि परत पायाखाली घातलं.

असाच तो स्टोव्ह आणखी दोन गावं फिरला. शेवटी तेरखेडा. फटाक्यांच्या कारखान्यातले दोघे सभासद तिथं एका खोलीत राहत होते. मच्छिंद्र या वेळी मागच्या एसटीनं निघाला, ती वाटेत पंक्चर झाली आणि नानासाहेब आधी पोचले. ते बाजेवर बसून राहिले. घामाघूम मच्छिंद्र पोतं घेऊन दारात आला तेव्हा ते उठले, स्टोव्ह स्वतः काढून कोपऱ्यात ठेवला आणि म्हणाले, "पुस्तक?"

मच्छिंद्रनं पोत्यातून पुस्तक काढून दिलं.

"ह्यात उसाचा उल्लेख कुठं सापडला नाही मला," नानासाहेब म्हणाले. "शेवटची पानं तेवढी राहिलीत."

मच्छिंद्रनं रिकामं पोतं खाली टाकलं. "सायेब, मालक म्हनतो तुमचं कुटुंब न्हाय, म्हनून जागा सोडा. तुमी म्हननार एकच कुटुंब हाय, म्हनून गाळा न्हाय. मंग आमी जावं तरी कुठं?"

"मी जे बघितलं तेच लिहिणार," म्हणून नानासाहेबांनी पुस्तक आपल्या पिशवीत टाकलं. मच्छिंद्र रात्री जेवला नाही. मल्लिनाथनं त्या दिवशी मिठाबद्दल चकार शब्द काढला नाही, यावरून प्रसंग ओळखावा.

आठवडाभरात महालिंगप्पा हातात सरकारी पत्र घेऊन दुकानात आले. चष्मा पुसून त्यांनी मोठ्यानं वाचलं. "अर्ज नामंजूर. दहा सभासदांची कुटुंबं पाचच भरतात. श्री. मल्लिनाथ आणि श्री. मच्छिंद्र हे प्रत्यक्ष तपासणीत एका चुलीवरचं एकच कुटुंब असल्याचं सिद्ध झालं आहे. प्रत माहितीसाठी जागामालकांना." खाली सही होती आणि जांभळा गोल शिक्का.

गाळा गेला होता. मल्लिनाथच्या डोळ्यांत पाणी आलं, ते मात्र गाळ्यासाठी नव्हतं.

महालिंगप्पांनी शिक्का उजेडात धरून पाहिला. सरकारी शिक्क्याशी भांडायची त्यांच्या घराण्यात रीत नव्हती. "आधीच सांगायचं न्हाय व्हय, कुटुंब हाय म्हनून?" असं करवादत त्यांनी खिशातून भाड्याचं पावतीपुस्तक काढलं. "आता कराराप्रमानं पावती कुटुंबाच्या नावावर फाडावी लागंल. बोला, घरात चालतं कुणाचं?"

दोघांनीही एकाच वेळी एकमेकांकडे बोट दाखवलं.